एका सँडलमागे अख्खं चर्च

“फादर, मी रविवारी चर्चमध्ये मिस्सेला आलेच नाही, तर इथे कुणाचं काही अडणार आहे का?”

हॉलमधला पंखा तेवढा फिरत राहिला, बाकी सगळं थांबलं. बैठक होती तरुण मंडळींची, विषय होता ‘चर्चच्या कामात आपला सहभाग’, आणि फादर बराच वेळ एकच गोष्ट आधी गोडीगुलाबीने, मग काकुळतीने आणि शेवटी अगदी रडकुंडीला येऊन सांगत होते : नुसते येऊन बसू नका रे, काहीतरी करा. गाणं म्हणा, वाचन करा, फुलं लावा, निदान खुर्च्या तरी उचला! मंडळी आपापल्या बुटांच्या नाड्या निरखत होती. आणि अशा वेळी हा प्रश्न.

विचारणाऱ्या मुलीला घरीदारी सगळे तोफ म्हणत, कारण ती कुणाच्या कानात कुजबुजली तरी शेजारचे खिडकी लावून घेत. या वेळी मात्र तोफेलाच स्वतःच्या आवाजाचा दणका बसला होता. तिच्या मागे लंबू आणि चष्मिस या दोघी मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खदखदत होत्या. “हिंमत असेल तर विचारून दाखव,” असं त्याच म्हणाल्या होत्या. त्या दोघींना घरून सगळी सूट होती. रविवारी सकाळी चर्चऐवजी त्या सायकली काढून तळ्यावर जायच्या. बैठकीला तेवढ्या न चुकता यायच्या, कारण बैठकीनंतर केक असायचा.

तोफेला नुसती पैज जिंकायची नव्हती. तिला तो रविवार हवा होता, सायकलीवरचा, वाऱ्यातला! तिच्या वाट्याला मात्र पाचव्या बाकाची कडेची जागा, शेजारी आई-बाबा आणि समोर न संपणारं प्रवचन. खूप भांडण झाल्यावर बाबा एकदा वैतागून म्हणाले होते, “फादर म्हणाले नको येऊस, तर नको येऊस!” फादरांना विचारायची हिची छाती होणार नाही, असा त्यांचा कयास. बाबांचे कयास नेहमी असेच असतात.

फादर चिडले नाहीत. तिथेच सगळं बिघडलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला.

“प्रश्न चांगला आहे,” ते म्हणाले. “खरं सांगू? मला उत्तर माहीत नाही. पण आवाज काय खणखणीत आहे गं तुझा! येत्या रविवारी बिशप येतायत. पहिलं वाचन तू कर. पहिल्या बाकावर बस, सगळं जवळून बघ. आणि मिस्सा संपली की तूच मला सांग, तू नसलीस तर अडतं की नाही. तू म्हणशील तेच मी तुझ्या बाबांना सांगेन.”

“म्हणजे... मी ‘नाही अडत’ म्हटलं तर?”

“तर तू मोकळी. शब्द दिला.”

लंबूने मागून तिच्या पाठीत गुद्दा मारला. “बघ! अजून एकच रविवार काढायचाय तुला!”

घरी मात्र बाबांना बिशपांचीच काळजी लागली. जेवताना ते म्हणाले, “बिशपसमोर घोटाळा नको हं. मागे तुला कांजिण्या आल्या होत्या ना, त्या रविवारी ऐन प्रार्थनेच्या मध्यात सगळं चर्च उभं राहिलं होतं. का, ते देवालाच माहीत. मला वाटलं, नवी पद्धत आली.”

“मीही उभी राहिले,” आई म्हणाली. “सगळे उठले म्हणून.”

“पण सगळे कुणाला बघून उठले?” तोफेने विचारलं.

“सगळ्यांना बघून!” दोघं एकदम म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. मग आईने नेहमीचं अस्त्र काढलं. “आणि ते प्रवचनात सँडल काढून बसायचं या वेळी बंद. बिशप बघतील.”

“काढल्या नाहीत तर मला झोप येते.”

“मग झोप. पण सँडल घालून झोप.”

रविवारी तोफ पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि आजूबाजूला बघून तिची बोलतीच बंद झाली. तिच्या बाबतीत हे क्वचितच घडे. पाचव्या बाकावरून चर्च म्हणजे लोकांच्या पाठी आणि टकलं. पहिल्या बाकावरून चर्च म्हणजे... चर्च! वर निमुळतं होत गेलेलं छत, रंगीत काचांतून येऊन फरशीवर पसरलेली निळी-लाल उन्हं, वेदीवरच्या मेणबत्त्या आणि वेदीच्या पायरीशी ठेवलेली ती ढेरपोटी पितळी फुलदाणी, इतकी लखलखीत की डोळे दिपावेत.

ती फुलदाणी घासायची पितळी आजी. खरं नाव कुणी घेत नसे. दर शनिवारी आजी चिंच आणि फडकं घेऊन यायची, पितळेवर तुटून पडायची आणि फादर कौतुकाने म्हणायचे, “भक्ती असावी तर अशी!” रविवारी ती पहिल्या बाकाच्या मधोमध ताठ बसायची. वर्षानुवर्षं. आज मात्र ती जागा रिकामी होती. “आजीचा पाय मुरगळलाय म्हणे,” कुणीतरी म्हणालं. “अरेरे,” दुसरं कुणीतरी म्हणालं. तेवढंच.

मग वाचनाची वेळ आली. तोफ उठली, पायऱ्या चढली आणि माइकसमोर उभी राहिली. पहिलं वाक्य तिने म्हटलं आणि आवाज निघाला तो थेट छतापर्यंत गेला, तिथे जरा थांबला, आणि मोठा होऊन परत आला. हा आपला आवाज? घरात ज्याला “हळू बोल गं बाई” म्हणतात, तोच? पुढे बसलेला प्रत्येक चेहरा तिच्याकडे बघत होता. रडणारं एक बाळसुद्धा थांबून ऐकत होतं. ती परत जागेवर आली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

तिथेच गफलत झाली. त्या तंद्रीत पायांनी आपली जुनी सवय गुपचूप पाळली. बिशप प्रवचनाला उभे राहिले, त्यांनी कागदांची जाडजूड चळत पुढ्यात ठेवली आणि तोफेच्या दोन्ही सँडल आपोआप पायातून उतरल्या. पाचव्या बाकाखाली त्या शहाण्यासारख्या पडून राहायच्या. पण पहिल्या बाकापुढे फरशीला थोडा उतार होता, आणि पायाचा धक्का लागून उजवी सँडल गुडघे टेकायच्या फळीखालून कुठेतरी पार झाली.

“आज मी बोलणार आहे सहभागावर,” बिशप भारदस्त आवाजात म्हणाले. “काही ठिकाणी मी बघतो, माणसं चर्चमध्ये येतात आणि बाकासारखीच होतात. हलत नाहीत!”

तोफ अंगठ्याने चाचपत होती. सँडल नाही. प्रवचन संपलं की सगळ्यांसाठीची प्रार्थनाही तिलाच वाचायची होती. एका पायात सँडल घालून बिशपसमोरून लंगडत जायचं? तिने कडेने वाकून पाहिलं, दिसेना. मग म्हटलं, जरा उठून पुढे डोकावावं. आणि ती उठली.

मागे आवाज झाला. आधी कर्र, मग खडखड, मग धडधड. बिशपांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. तोफेने वळून पाहिलं.

अख्खं चर्च उभं होतं.

पहिल्या बाकामागचे उभे, त्यांना बघून त्यांच्यामागचे उभे, अगदी दाराजवळ खांबाला टेकून डुलक्या घेणारेही ताठ. पाचव्या बाकावर आई-बाबाही उभे, चेहऱ्यावर पूर्ण श्रद्धा. तोफ मटकन खाली बसली.

धडधड, खडखड, कर्र. अख्खं चर्च बसलं.

बिशपांनी चष्म्यावरून पाहिलं. “हं,” ते म्हणाले. “तर... मी म्हणत होतो की माणसं हलत नाहीत.”

तोफेच्या कानातून वाफा निघत होत्या. हे आपल्यामुळे झालं? छे, योगायोग असेल. आपण कोण एवढे लागून गेलो? तिने ठरवलं, आता उठायचंच नाही. पटकन खाली गुडघ्यांवर जायचं, हात घालायचा, सँडल ओढायची. कुणाला कळणारही नाही. ती गुडघ्यांवर गेली.

धप्प!

एवढा मोठा, एवढा एकजिनसी ‘धप्प’ तिने जन्मात ऐकला नव्हता. मागे सगळी माणसं गुडघे टेकून, माना खाली घालून बसली होती. कुणी खोकत नव्हतं. तोफेचा हात फळीखालीच राहिला होता. एवढी मोठी माणसं, ऑफिसात हुकूम सोडणारी, बाजारात घासाघीस करणारी, तिच्या गणिताच्या बाईसुद्धा, तिच्या एका हालचालीसरशी खाली वाकली होती! तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या आत काहीतरी प्रचंड मोठं, छताएवढं वाटत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण वेदीशेजारच्या खुर्चीत टपालकाका होते. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते वेदीवर सेवा करत, आणि प्रवचनात हातातली घंटी मांडीवर ठेवून शांत झोपत. लोकांनी गुडघे टेकल्याचा ‘धप्प’ हाच त्यांचा गजर. कारण लोक गुडघे टेकतात ती मिस्सेतली सर्वांत पवित्र घटका, आणि त्या घटकेला घंटी वाजवायची असते. टपालकाका दचकले, डोळे मिटूनच ताठ झाले आणि त्यांनी घंटी वाजवली. किणकिणकिण!

वर मनोऱ्यात बेकरीवाले काका दोर धरून बसले होते. तिथून आतलं काही दिसत नसे. खालची घंटी ऐकू आली की वरची मोठी घंटा द्यायची, हे त्यांचं काम. ‘आज लवकर आटपलं वाटतं,’ असं मनाशी म्हणत त्यांनी दोर खेचला. घण्ण... घण्ण... घण्ण...

मोठी घंटा झाली की बाजूच्या खोलीतून बालवर्गाच्या बाई छोट्या मुलांना आशीर्वादासाठी घेऊन येत. दार उघडलं आणि चिमुकली रांग हात जोडून मधल्या वाटेने निघाली. शेवटच्या मुलाने पँट एका हाताने धरली होती, म्हणून त्याने एकच हात जोडला होता.

आणि मोठी घंटा झाली की आणखी काही माणसं येत. ही मंडळी घरी निवांत चहा पीत बसायची, घंटा ऐकली की निघायची, शेवटच्या आशीर्वादाला बरोबर पोचायची आणि आठवडाभर “आम्ही चर्चला जातो” म्हणायची. ती धावतपळत आत शिरली, बघते तर काय, बिशप अजून प्रवचनातच! मागे फिरावं तर समोर बिशप थेट त्यांच्याकडे बघतायत. बिचारी बसली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांना निदान अर्धी मिस्सा तरी घडणार होती.

तोफेला त्याच क्षणी सँडल सापडली. पण आता घालून उपयोग काय! ती डोळे मिटून म्हणाली, “देवा, मला याच फरशीखाली घाल.”

रांग बिशपांसमोर येऊन थांबली. सगळ्यात पुढची मुलगी मान वर करून म्हणाली, “आम्ही आलो.”

बिशपांनी मुलांकडे पाहिलं. गुडघे टेकलेल्या लोकांकडे पाहिलं. दारातून धापा टाकत येणाऱ्यांकडे पाहिलं. वर घंटा अजून घुमत होती. मग त्यांनी कागदांची ती जाडजूड चळत हळूच मिटली.

“मी सहभागावर बोलणार होतो,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. “तुम्हाला सुस्तावलेले समजून आलो होतो. मी ‘हलत नाहीत’ म्हणायचा अवकाश, आणि तुम्ही उठलात, गुडघे टेकलेत, घंटा दिल्यात, लेकरं पुढे आणलीत! मला याहून जास्त काही सांगायचं नाही.” आणि पायऱ्या उतरून ते एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवू लागले. फादर वेदीशेजारी उभे होते. त्यांचा चेहरा कुणीतरी भर रस्त्यात हार घातल्यासारखा झाला होता.

पुढची मिस्सा रीतसर पार पडली. तोफ श्वास रोखून, मोजूनमापून उठली, बसली, वाकली, आणि चर्च तिच्यामागे उठलं, बसलं, वाकलं.

बिशपांची गाडी गेल्यावर ती फादरांपुढे उभी राहिली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

“सँडल?” फादर म्हणाले.

“उजवी.”

फादर खुर्चीत बसले आणि हसायला लागले. बराच वेळ हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “अगं, सगळे पहिल्या बाकाकडे बघून उठतात. आजी उठली की उठायचं, आजी बसली की बसायचं. कुणाला वेगळं काही ठाऊकच नाही. आज आजीच्या जागी तू होतीस. मिळालं ना उत्तर? एक माणूस नसलं तर किती अडतं!”

पण तोफ कसली ऐकते! “आजी नसली तर अडतं, फादर. मी नसले तर कुठे अडतं? मी पुढे बसले म्हणून तर घोटाळा झाला!”

फादरांचं हसू मावळलं. “बरोबर आहे तुझं,” ते शेवटी म्हणाले. “शब्द म्हणजे शब्द. तू मोकळी. मी बाबांना फोन करतो. जाता जाता एवढा केक आजीला देऊन ये, आणि काय झालं ते तूच सांग. तिला ऐकू येत नाही. तुझाच आवाज हवा.”

बाहेर लंबू आणि चष्मिस सायकली घेऊन उभ्याच होत्या. “सुटलीस?” “सुटले!” तोफ ओरडली, आणि तिघी आजीच्या घरी निघाल्या.

आजी पलंगावर पाय उंच ठेवून बसली होती. तोफेने सगळी हकिगत अशा आवाजात सांगितली की खालच्या मजल्यावरच्यांनाही कळावी. आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“पण आजी,” तोफेने विचारलं, “तुम्हाला तर ऐकू येत नाही. मग तुम्ही कुणाला बघून उठता?”

“फुलदाणीत बघून.”

“फुलदाणीत?”

“अगं, म्हणून तर घासते ना! फादरांना वाटतं भक्ती. भक्तीबिक्ती आहेच, पण मला आरसा लागतो.” आजीने केकचा तुकडा मोडला. “तिच्या पोटात मागचं सगळं चर्च दिसतं. पण माणसं सगळी सारखीच, मुंग्यांसारखी. त्यात एक लाल ठिपका आहे. पाचवा बाक, कडेची जागा. फार चुणचुणीत ठिपका! उठायची वेळ आली की तो आधी खाली जातो, काहीतरी शोधल्यासारखा, आणि मग वर येतो. तो वर आला की मी उठते. कधी चुकत नाही बघ. बाकीचे भक्तीत असतात, त्याला मात्र मिस्सा तोंडपाठ आहे. फार कंटाळत असणार बिचारा.”

तोफेचा हात आपोआप डोक्याकडे गेला. लाल हेअरबँड. दर रविवारी तोच. आणि उठायच्या आधी वाकून सँडल घालायची...

“मागे एकदा दोन-तीन रविवार तो ठिपका आलाच नाही,” आजी म्हणाली. “मी आंधळ्यासारखी झाले. अंदाजाने उठले, तर म्हणे प्रार्थना अर्धीच झाली होती. सगळ्या चर्चला उभं केलं मी!”

“कांजिण्या,” तोफ म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज इतका बारीक निघाला की आजीला तो ऐकूच आला नाही.

तिघी तशाच चर्चकडे पळाल्या. आत कुणी नव्हतं. तोफेने हेअरबँड काढून लंबूच्या डोक्यात घातला. “पाचव्या बाकावर कडेला बस. वाक, आणि वर ये.”

“मी कशाला?”

“बस म्हणते ना!”

ती स्वतः आजीच्या जागेवर बसली आणि तिने फुलदाणीत पाहिलं. पितळेच्या त्या गोल पोटात अख्खं चर्च मावलं होतं : वाकलेले खांब, बाकांच्या रांगा, रंगीत काचा, दूरचं उघडं दार आणि दाराबाहेरचा उजेड. आणि त्या सगळ्याच्या मध्ये, खसखशीएवढा एक लाल ठिपका. तो खाली गेला. तो वर आला.

इतकी वर्षं आपण एकट्याच कंटाळतोय असं तिला वाटत होतं. आणि इतकी वर्षं तिच्यामागून आजी उठत होती, आजीमागून सगळे उठत होते, त्यांच्या गुडघ्यांमागून घंटी, घंटीमागून घंटा, घंटेमागून मुलं. चष्मिसने तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि नेहमीचा टोमणा मारायला तोंड उघडलं. मग तिने ते तसंच मिटलं.

घरी बाबा तोंड पाडून बसले होते. “फादरांचा फोन आला होता. तू मोकळी आहेस म्हणाले.”

“मग? पुढच्या रविवारी सायकल ना?” आईने विचारलं, आणि तिला रडू येतंय की राग, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

“आई, बाबा, माझं ठरलंय,” तोफ म्हणाली, आणि शेजारच्यांनी सवयीने खिडकी लावली. “सायकल मिस्सा झाल्यावर. लंबू आणि चष्मिसपण येणार आहेत. वाचन असेल तेव्हा मी वाचन करणार, आणि वाचून झालं की सरळ माझ्या जागेवर येऊन बसणार. पाचवा बाक, कडेला, लाल हेअरबँड घालून. दर रविवारी, न चुकता. आणि यापुढे प्रवचनात सँडल काढल्या म्हणून मला कुणी बोलायचं नाही. त्यांच्यावर अख्खं चर्च चालतं!”